समोर नसलेला श्रोता

हिंगोलीहून थोड्याच अंतरावर कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. नामदेवरायांचे जन्मगाव म्हणून परंपरेने ते मानले आणि म्हणूनच लोक त्याला नरसी नामदेव म्हणतात. पलीकडे औंढ्याला नागनाथाचे प्राचीन देऊळ आहे. विसोबा खेचर आणि नामदेव यांची गाठ तिथेच पडली असे सांगतात. अशा या मुलखात कीर्तन म्हणजे काय हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. ते लहानपणी मांडीवर झोपूनच कानांत गेलेले असते.

कीर्तनकाराला एक मोठी सोय असते. त्याचा श्रोता त्याच्या समोर बसलेला असतो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची मान डुलू लागली, की ती रंगून डुलते आहे की झोपेने, हे बुवांना तेथूनच कळते. पोरे चुळबुळ करू लागली की ते आख्यान पुढे रेटतात. बायकांनी डोळ्यांना पदर लावला की तेथे घटकाभर थांबतात. निरूपण जड झाले असे वाटले तर टाळकऱ्यांना खूण करून मध्येच गजर उठवतात. श्रोत्यांना काय हवे याचे उत्तर बुवांना क्षणोक्षणी मिळत असते आणि ते द्यायला श्रोत्याला लिहिता-वाचता यावे लागत नाही.

आता याच्या उलट चित्र पाहा. एक बंद खोली आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंती मढवलेल्या आहेत. समोर मायक्रोफोन आहे आणि दारावर लाल दिवा. तो लागला की आतल्या माणसाने “श्रोते हो” अशी हाक मारायची. पण त्या हाकेला ओ देणारे समोर कोणीच नाही. कोणी जेवत असेल, कोणी घोरत असेल, कोणी खुंटी पिरगाळून दुसरेच केंद्र लावले असेल. या माणसाने आपल्या श्रोत्याला ओळखायचे तरी कसे? नभोवाणीच्या कारभारातला हा सर्वांत अवघड प्रश्न. तो सोडवण्याची खटपट जगभर झाली. पण आपल्या मराठी मुलखात ती ज्या ज्या वाटांनी झाली, तिची कथा सांगण्यासारखी आहे.

आपल्याकडे ध्वनिक्षेपणाची रीतसर सुरुवात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत झाली. एका खाजगी कंपनीने ते केंद्र काढले. पण रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे, असे परवानेवाले फार थोडे, आणि त्यांच्या पैशावर केंद्र चालेना. तीन वर्षांच्या आत कंपनीचे दिवाळे वाजले व १९३० मध्ये सरकारने तो पसारा आपल्याकडे घेतला. १९३५ मध्ये लायोनेल फील्डन हे विलायतेच्या बी. बी. सी. मधून येथे ध्वनिक्षेपणाचे नियंत्रक म्हणून आले आणि पुढल्या वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. बी. बी. सी. चे पहिले धुरीण जॉन रीथ यांचे मत असे होते की, लोकांना काय हवे हे फारच थोड्यांना कळते, आणि काय हवे असायला पाहिजे हे तर त्याहून थोड्यांना. रीथसाहेबांची ही मास्तरकी दृष्टी आपल्या नभोवाणीच्या बाळगुटीतच मिसळलेली होती. १९४७ साली स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ६ केंद्रे आली. आणि साऱ्या देशात रेडिओची यंत्रे होती सुमारे पावणेतीन लाख. म्हणजे हजार माणसांमागे एकसुद्धा नाही!

हिंगोलीची गोष्ट तर याहून निराळी. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची नभोवाणी स्वतंत्र होती. तिचे मुख्य केंद्र हैदराबादेत आणि एक लहान केंद्र औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, होते. राज्याच्या दरबाराची भाषा उर्दू आणि परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याच्या घरातली भाषा मराठी. त्या नभोवाणीवरून हिंदुस्थानाच्या इतिहासातली एक मोठी घोषणा झाली. पोलीस कारवाईच्या पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद केंद्रावरून खुद्द निजामाने लढा थांबवल्याचे सांगितले. ज्या प्रजेचे भवितव्य त्या शब्दांनी पालटत होते तिने ते ऐकावयाचे, एवढेच काय ते तिच्याकडे काम होते. राजाने बोलावे आणि रयतेने ऐकावे ही नभोवाणीची जुनी रीत. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. राज्य बदलले, पण रीत बदलली होती काय?

या प्रश्नाला पहिले ठसठशीत उत्तर मिळाले ते एका मराठी माणसाच्याच हातून. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि पुढे दहा वर्षे ते त्या जागेवर होते. केसकर पुण्याचे, पॅरिसला शिकलेले, आणि शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी. राजेरजवाड्यांचा आश्रय सुटलेल्या गवयांना सरकारने आधार दिला पाहिजे आणि राष्ट्राचा कान सुधारला पाहिजे, अशी त्यांची तळमळीची श्रद्धा होती. त्यांच्याच कारकिर्दीत २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्या गवयांचे गाणे ऐकायला संस्थानिकांच्या महालात शिरावे लागे, ते घरबसल्या ऐकू येऊ लागले. हे ऋण कोणी विसरू नये. पण त्याच उत्साहात सिनेमाच्या गाण्यांवर कात्री चालली. गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे की नाही, यावरून निर्मात्यांशी बिनसले आणि शेवटी ती गाणी नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली.

मग श्रोत्यांनी काय केले? त्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी फक्त खुंटी फिरवली. समुद्रापलीकडे कोलंबोला रेडिओ सीलोनचे दणकट लघुलहरी केंद्र होते. महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली यंत्रसामग्री त्याला आयतीच मिळाली होती. लघुलहरी आभाळातल्या विद्युद्भारित थरावर आपटून हजारो मैल दूर उतरतात. त्यामुळे सीलोनचा आवाज भारतात दूरदूरच्या गावी पोचे. ३ डिसेंबर १९५२ पासून त्या केंद्रावर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सयानी मुंबईचे. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जायच्या. बुधवारी रात्री आठ वाजता पानाच्या दुकानापुढे घोळका जमायचा हे चित्र साऱ्या देशाने पाहिले आहे.

सीलोनचे उत्तर साधे होते: लोकांना विचारा आणि मोजा. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा ओघ आठवड्याला ६०,०००च्या वर गेला. पण मोजण्यातही फसगत असते. पुढे ध्यानात आले की काही पत्रे गठ्ठ्यांनी, ठरवून लिहिली जात आहेत. म्हणून मग तबकड्यांचा खप आणि गावोगावच्या श्रोता-संघांची पसंती यांवरून गाण्यांचा क्रम लावण्याची पद्धत आली. त्याहून खोल फसगत तर कोणाच्या डोळ्यांवरच आली नाही. १९५१ च्या खानेसुमारीत आपल्या देशात साक्षर होते शंभरात सुमारे अठरा. पत्र जो लिहितो त्याचीच आवड मोजली जाते. पण ज्याला अक्षर येत नाही, किंवा पत्रापुरते दोन पैसेही ज्याला जड वाटतात, त्याला काय हवे हे कोणत्या गठ्ठ्यात सापडणार? नरसीच्या देवळात शेवटच्या रांगेत बसलेला म्हातारा कीर्तनकाराला दिसत होता. गीतमालेच्या मोजदादीत तो कोठेच नव्हता.

केसकरांनी लोकांचे हित पाहिले, पण त्यांना विचारले नाही. सीलोनने विचारले, पण आपल्याला उत्तर पाठवू शकतील त्यांनाच. याच्या मधली एक वाट पुण्याच्या केंद्राला सापडली. ते केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले, नवे कोरे. तेथे सीताकांत लाड हे कार्यक्रम-नियोजक होते. त्यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांच्यापाशी गोष्ट काढली: वर्षभर चालेल अशी एक गीतमालिका द्या. माडगूळकरांनी शब्द लिहिले, सुधीर फडके यांनी चाली दिल्या, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायणा’चे पहिले गीत वाऱ्यावर गेले. वर्षाचे ५२ आठवडे धरलेले. मध्ये अधिक मास आला म्हणून गीते झाली ५६, आणि मालिका संपली ती १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढल्या रामनवमीला. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक अशा कितीतरी गळ्यांनी ती गायली. आठवड्याचे नवे गीत शुक्रवारी सकाळी लागायचे, आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा.

ही मालिका लावा असे एकाही श्रोत्याने पत्र घातले नव्हते. कसे घालणार? जी वस्तू जन्मालाच आली नाही ती मागायची कशी! आणि तरी सकाळी पावणेनऊच्या सुमारास घरोघर कामे थांबत, रेडिओला हार घालीत, असे त्या पिढीची माणसे सांगत आली. याचे इंगित काय? लाड आणि माडगूळकर यांनी श्रोत्याच्या आवडीची यादी केली नाही. श्रोत्याच्या घरात आधीपासून काय आहे ते पाहिले. रामकथा तेथे होती. कीर्तनातले आख्यान तेथे होते. सकाळचे स्नान, तुळशीला पाणी, शुक्रवारचे महत्त्व, रामनवमीचा सुंठवडा हे सारे होते. त्यात रागदारीचा सूर आणि सोपे मराठी शब्द घातले, म्हणजे केसकरांचाही हट्ट पुरला आणि आजीबाईंचाही. उद्या काय होणार हे श्रोत्याला ठाऊक होते, पण ते कसे गायले जाणार हे ठाऊक नव्हते, म्हणून तो आठवडाभर वाट पाहू शकला. नभोवाणीवर मनोवेधक गोष्टी पुष्कळ होतात; पण पंचांगाला धरून चाललेली ही एकच म्हणावी लागेल.

पण गीतरामायण हे प्रतिभेचे देणे. प्रतिभा दर आठवड्याला मागवून मिळत नाही. आणि गाण्याचे एक बरे असते, ते आवडले की काम झाले. पेरणीचे, रोगराईचे, मुलांच्या शाळेचे तसे नाही. तेथे ऐकणाऱ्याला कळले का, आणि कळून त्याने काही केले का, हे पाहावे लागते. गीतरामायणाचे शेवटचे महिने चालू होते तेव्हाच पुणे केंद्राने या दुसऱ्या बाजूने एक प्रयोग केला. गीतरामायणाइतके भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. पण आमच्या मते श्रोत्याला ओळखण्याच्या विद्येतला तो अधिक मोठा धडा आहे.

कॅनडातल्या शेतकऱ्यांनी १९४१ पासून शेतकी नभोवाणी मंडळे चालवली होती. युनेस्कोच्या साहाय्याने तीच कल्पना १९५६ मध्ये येथे आली. मुंबई राज्यातल्या ५ जिल्ह्यांतील १५० गावे निवडली. प्रत्येक गावी सुमारे २० माणसांचे एक मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण कार्यक्रम २०. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, गावकारभाराचे. आता यात नवल ते काय? नवल पुढेच आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने ऐकलेल्या गोष्टीवर आपसांत बोलायचे. पटले का? आपल्या गावात जमेल का? न जमेल तर का? शंका निघतील त्या चिटणिसाने लिहून केंद्राकडे धाडायच्या, आणि केंद्राने त्यांची उत्तरे पुढल्या कार्यक्रमांतून द्यायची. ऐका, बोला, करा, हे त्याचे सूत्र. बंद खोलीला प्रथमच एक खिडकी पडली आणि तिच्यातून गाव आत बोलू लागले.

पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांना त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस लाभला, हाही एक योगच. थोरल्या भावाची गीते ज्या केंद्रावरून घुमत होती तेथेच धाकट्याने १९५५ पासून खेड्याच्या बोलीला जागा करून दिली.

प्रयोगाचे मोजमाप करण्याचे काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होते, आणि ते पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केले. हा गृहस्थ मूळ व्हिएन्नाचा. हिटलरच्या डाखाऊ व बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटून तो अमेरिकेस पोचला आणि कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली तयार झाला. लाझार्सफेल्ड म्हणजे नभोवाणीच्या श्रोत्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांतले आद्य पुरुष. १९३०-४० च्या दशकात त्यांनी व फ्रँक स्टँटन यांनी एक यंत्र केले होते: श्रोत्याच्या एका हातात हिरवे बटण, दुसऱ्यात तांबडे, आवडले की हिरवे दाबायचे, नावडले की तांबडे. अशा गुरूचा शिष्य आमच्या खेड्यांत आला आणि त्याने बटणे नव्हे, माणसे बोलती केली. मंडळाची गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओही नाही अशी गावे, या तिन्ही ठिकाणी त्याने प्रयोगाआधी व प्रयोगानंतर लोकांना तेच प्रश्न विचारवले.

निष्कर्ष डोळ्यांत अंजन घालणारे होते. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी वाढली होती. म्हणजे यंत्र असून भागले नाही. ऐकल्यावर बोलायला चार माणसे लागली. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. या मंडळांत निरक्षर माणसे मागे पडली नाहीत. पोस्टाच्या गठ्ठ्यात जो कधीच सापडला नसता तो श्रोता येथे बोलला. आणि तिसरी गोष्ट, जी कोणी योजली नव्हती: कित्येक मंडळे गावची कामे ठरवणारी बैठकच होऊन बसली, निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही झटपट निर्णय तेथे होऊ लागले, असे न्यूराथने नोंदले आहे. ज्याला आपण श्रोता म्हणत होतो तो नुसता श्रोता नव्हताच. त्याला विचारणारे कोणी भेटले नव्हते, इतकेच.

हे सारे चालू होते तेव्हा हिंगोली कोठे होती? तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका, आणि परभणी हैदराबाद राज्यात. मुंबई राज्याच्या १५० गावांत तिचे एकही गाव असणे शक्य नव्हते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी! १७ नोव्हेंबर १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्याचे ठरले आणि ती हजारोंनी निघाली; पण संख्या वाढली की निगा उणावते, हा जगाचा नियम येथेही चुकला नाही. शंका पाठवणारे थकले, उत्तरे देणारेही थकले. दरम्यान ट्रान्झिस्टर आला आणि चावडीवरचा रेडिओ खांद्याला अडकवून माणूस आपापल्या वाटेने गेला. रेडिओ स्वस्त झाला हे उत्तमच झाले. पण ऐकून झाल्यावर बोलायला बसणारी मंडळी त्याबरोबर उठून गेली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. श्रोत्याला एक नवे नाव मिळाले: गिऱ्हाईक. विचारपूस वाढली, पण ती गिऱ्हाइकाची.

मराठवाड्याच्या ऐन मध्यावर परभणीला आकाशवाणीचे केंद्र झाले ते १९६८ साली. हिंगोलीच्या शेतकऱ्याला आपल्याच मातीतला आवाज जवळून ऐकू येऊ लागला. त्याचे महत्त्व पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज कळायचे नाही. वसमतच्या हळदीला कधी पाणी द्यावे हे कोल्हापूरच्या उसावरच्या भाषणातून समजत नाही. हवा निराळी, जमीन निराळी, आणि बोलण्याची ढबही निराळी. जो आपल्यासारखा बोलतो त्यालाच माणूस आपली अडचण सांगतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला.

पुण्याच्या प्रयोगाचे बी अगदीच वाया गेले असे मात्र नाही. २००८ साली सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे गावचे स्वतःचे रेडिओ केंद्र निघाले. त्याच वर्षी, एके काळी निजामाच्याच राज्यात असलेल्या जहीराबाद भागात, दलित शेतकरी बायकांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तेथे बोलणारी आणि ऐकणारी एकाच बांधावर काम करतात. मधल्या भिंतीचा प्रश्नच उरत नाही.

आज आपल्या हातातल्या फोनला आपण काय ऐकले, किती वेळ ऐकले, कोठे कंटाळून पुढे गेलो, हे सारे ठाऊक असते. लाझार्सफेल्डच्या हिरव्या-तांबड्या बटणांचे हे शेवटचे टोक. मोजणे इतके सूक्ष्म पूर्वी कधी झाले नव्हते. पण आवड मोजणे आणि अडचण विचारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि १९५६ च्या त्या दहा आठवड्यांत १५० गावांना जे मिळाले ते दुसरे होते. त्यांना कोणी विचारले होते, त्यांच्या शंकांवर उत्तर आले होते.

या दिवाळीत घरोघर पाहुणे येतील, फराळाची ताटे फिरतील आणि गप्पांचे फड जमतील. त्यात कोपऱ्यातल्या आजोबांना, कान जरा मंद झाला म्हणून, कोणी काही विचारणार नाही. एखादे गीतरामायणातले गाणे लावून त्यांच्यापाशी बसा. गाणे संपले की ते बंद करा आणि त्यांना बोलू द्या. पुण्याच्या मंडळांचा नियम तोच होता. आणि नरसीच्या देवळात उभा राहणारा कीर्तनकार शेवटच्या रांगेकडे नजर टाकून तेच करीत आला आहे.